दोन ते पाच मोकळा वेळ

मार्लिसनं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक लेनोरच्या गळ्यात घातलं आणि दोन पावलं मागं सरून ते सरळ बसलंय का ते पाहिलं. हे सगळं हॉटेलच्या लॉबीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. वेळापत्रकाला निळी दोरी होती. रोलंडच्या गळ्यात तसलंच एक, ब्रेनाच्या आणि खुद्द मार्लिसच्या गळ्यातही तसलंच. हरवली तर परत पाठवता यावीत म्हणून चिठ्ठी लावून सोडलेली माणसं असावीत, तशी चौघं दिसत होती.

"आज शनिवार," मार्लिस म्हणाली. "साडेनऊला टॉवर. काचेच्या खोक्यात उभं राहून खाली बघायचं. घाबरायचं नाही."

"आणि घाबरलं तर?" लेनोरनं विचारलं.

"तर तेही लिहू."

लिहू म्हणजे नाताळच्या पत्रात. मिनेसोटातल्या नॉर्बी गावात ही एक साथच आहे. वर्षभरात घरात काय काय झालं ते एका पानावर टाइप करायचं, त्याच्या प्रती काढायच्या, आणि ज्यांना त्यात काडीचाही रस नाही अशा यच्चयावत नातेवाइकांना डिसेंबरात पाठवायच्या. प्रत्येक प्रतीखाली हातानं एक ओळ लिहायची, म्हणजे समोरच्याला वाटावं की पत्र खास त्याच्यासाठी लिहिलंय. मार्लिसचं पत्र ब्याण्णव घरी जायचं. गावातल्या पोस्टाला खिडकी एकच, आणि त्या खिडकीमागं अडतीस वर्षं लेनोर. लोक नाताळची पत्रं गठ्ठ्यानं आणून द्यायचे आणि शिक्का हातानं मारून मागायचे, कारण पाकिटावर नॉर्बीचं नाव स्वच्छ उमटलं पाहिजे. जणू काही नॉर्बीचं नाव वाचून जगात कुणी टोपी काढणार होतं.

त्या पाकिटांत काय असतं ते लेनोरला न उघडता माहीत होतं. कॉलेजातून हाकललेला मुलगा पत्रात 'नव्या वाटा शोधत' असायचा. नवरा सोडून गेलेली बाई 'स्वतःसाठी वेळ काढत' असायची. आणि मार्लिसच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत दरवर्षी न चुकता एक वाक्य यायचं: लेनोर अजून पोस्टात आहे. बस. कुत्र्यावर तीन ओळी आणि नणंदेवर एक. त्या एका ओळीवरच लेनोर आपल्या भावजयीला ओळखून होती.

यंदाच्या पत्रासाठी ही शिकागोची सहल काढली होती. चार दिवस, आणि रोज संध्याकाळी जेवताना मार्लिस वही उघडून प्रत्येकाला विचारायची, आजच्या दिवसातलं सगळ्यात छान काय. रोलंड म्हणायचा, गाडी कुठं पार्क करायची ते सापडलं. रोलंड म्हणजे लेनोरचा धाकटा भाऊ, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो. त्यांची सतरा वर्षांची ब्रेना फोनमधून मान वर न काढता म्हणायची, काहीतरी लिही ना, मम्मी. लेनोरनं पहिल्या दिवशी सांगितलं, हॉटेलची उशी. दुसऱ्या दिवशी सांगितलं, लिफ्ट. मार्लिसनं दोन्ही उत्तरं गोल गोल अक्षरांत उतरवून घेतली होती. टोमणा लागतच नाही अशा बाईला टोमणा मारण्यात मजा तरी काय.

टॉवरवर सव्वा तास रांग होती. एकशेतीन मजले चढून माणसं एका काचेच्या खोक्यात उभी राहत होती, किंचाळत होती, फोटो काढत होती आणि उतरून रांगेतल्या लोकांना सांगत होती की फार भारी आहे. काल त्यांनी असाच एक भला मोठा चकचकीत राजम्याचा दाणा पाहिला होता. स्टीलचं शिल्प. त्यात लोक स्वतःचंच तोंड बघत होते. त्यासाठी सात तास गाडी चालवून यायचं, आणि घरात आरसे काय कमी आहेत.

"आत्या, तू नाही येणार आत?" ब्रेनानं विचारलं.

"मला खालून दिसतं तेवढं पुरे आहे."

मार्लिस मात्र गेली. जिना उतरतानाही कठडा धरणारी बाई, पण पत्रात ओळ हवी म्हणून काचेवर उभी राहिली, डोळे गच्च मिटून, रोलंडचा दंड धरून. फोटोत ती झोपेत चालल्यासारखी दिसत होती. मार्लिसला भीती कशाची वाटत नाही हे सांगणं सोपं, कारण यादी लहान आहे. बर्फात तर ती गाडीला हात लावत नाही. डिसेंबर ते मार्च तिला चर्चला सुद्धा रोलंड सोडतो, आणि चर्च म्हणजे चार गल्ल्या.

दुपारी नदीकाठच्या बाकावर त्यांनी घरून आणलेली सँडविचं खाल्ली. शहरात सँडविचला पंधरा डॉलर घेतात असं मार्लिसनं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून बर्फाच्या पेटीत चार दिवसांची सँडविचं भरून आणली होती. तिसऱ्या दिवशी पावाची काय गत होते ते नॉर्बीच्या बाहेर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी डब्यात एक लिंबाची वडी उरली.

"लेनोर, घे ती."

"नको, नको. ब्रेनाला दे."

"अगं, तुला आवडते. घे."

"पोट भरलंय माझं. खरंच नको."

"राहिलीय तर खाऊन टाक ना."

"बरं. एवढं म्हणतेयस तर."

ब्रेनानं डोळे फिरवले. तिच्या पिढीला हे नाटक वाटतं, पण नॉर्बीत माणूस असाच वाढतो. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. पहिलं 'नको' म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं. दुसरं 'नको' म्हणजे मनात आहे, पण मी तशी नाही. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, उपकार केल्यासारखं तोंड करून. आणि विचारणाऱ्याला तीनदा विचारावंच लागतं, नाहीतर त्याचं आमंत्रण खोटं. या सहलीलाही लेनोर तिसऱ्या विचारण्यालाच तयार झाली होती.

तयार झाली ती मात्र राजम्यासाठी नव्हे. वेळापत्रकात शनिवारी एक रिकामा चौकोन होता: दोन ते पाच, मोकळा वेळ. चार दिवसांतला एकच. बाकी सगळं अर्ध्या अर्ध्या तासाला आखलेलं, आणि हे तीन तास सुटलेले. मार्लिसच्या हातून एवढी गफलत कशी झाली याचं लेनोरला नवल वाटलं होतं, पण ती बोलली नव्हती. पर्समध्ये नाताळचं एक कार्ड होतं आणि त्यावर हलिनाचा पत्ता.

लेनोर चोविशीत दोन वर्षं या शहरात राहिली होती. मोठ्या पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम, आणि उत्तरेच्या पोलिश वस्तीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, हलिना सोबचाकबरोबर. तेव्हा तिनं शहरातलं एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नव्हतं, कारण तिथं राहणारी माणसं ती पाहत नाहीत. रविवारी दोघी खिडकीत बसून केस वाळवायच्या. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ती दोन महिन्यांसाठी म्हणून घरी गेली.

पुढच्या वर्षी हलिनानं लिहिलं, परत ये, खोली अजून आहे. लेनोरनं उलट टपाली कळवलं, नको, माझ्यासाठी अडून राहू नकोस. आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली. पण हलिना पोलिश. त्यांच्यात नको म्हणजे नको. तिनं दुसरी जोडीदारीण शोधली, दरवर्षी कार्ड पाठवलं, आणि विचारलं मात्र नाही. वडील गेले, मग आठ वर्षांपूर्वी आई गेली, घरात लेनोर एकटी राहिली. आणि दोन नाताळांपूर्वी, ध्यानीमनी नसताना, कार्डात ओळ आली: माझ्याकडं एक खोली रिकामी आहे, येतेस का राहायला? पस्तीस-छत्तीस वर्षांनी दुसरं विचारणं आलं होतं. लेनोरनं त्या रात्री केकचे दोन तुकडे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, नको गं, तुला कशाला त्रास. गेल्या नाताळला हलिनानं एवढंच लिहिलं, कधी इकडं आलीस तर ये, एक गोष्ट तोंडावर विचारायची आहे.

म्हणजे तिसरं. येत्या डिसेंबरात लेनोर निवृत्त होणार होती. ब्याण्णव पाकिटांवर शेवटचा शिक्का मारायचा आणि नॉर्बीला, मार्लिसला, तिच्या वहीला आणि त्या एका ओळीला कायमचा रामराम ठोकायचा, हे तिनं मनात पक्कं केलं होतं. फक्त हलिनानं खरंच विचारायला हवं होतं.

दोन वाजता मार्लिस रोलंडला आणि ब्रेनाला घेऊन मोठ्या चक्राकार पाळण्याकडं निघाली. लेनोर म्हणाली, मी जरा दुकानं बघते. मार्लिसनं एका शब्दानं विचारलं नाही की कुठली दुकानं. फक्त म्हणाली, साडेपाचला पिझ्झा, पत्ता मागच्या बाजूला आहे. लेनोरनं कोपरा वळल्यावर वेळापत्रक गळ्यातून काढलं, पर्समध्ये कोंबलं आणि उत्तरेची बस धरली.

हलिनानं दार उघडलं आणि एवढ्या मोठ्यानं हाक मारली की समोरच्या बिऱ्हाडाचंही दार उघडलं. ती जाड झाली होती, एक गुडघा ओढत चालत होती, आणि बोलताना अजून समोरच्याचं मनगट धरत होती. घर लहानच. स्वयंपाकघराच्या खिडकीत डब्यांतून लावलेली शेपू आणि जिरेनियम. आतली दुसरी खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे मुद्दाम रिकामी केलेली; भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट चौकोन दिसत होता, आणि पलंगावर नवी चादर होती, अजून घड्या दिसणारी.

लेनोरनं त्या चादरीकडं फार वेळ बघितलं नाही. टेबलाशी येऊन बसली. हलिनानं काचेच्या पेल्यात चहा ओतला, खसखशीचा रोल कापून ताटलीत दोन तुकडे वाढले, विचारलंच नाही. इतकी वर्षं जपलेलं दाखवते म्हणून बिस्किटांचा डबा आणला. आत लेनोरची कार्डं होती, सालानुसार, रबरानं बांधलेली.

कार्डांच्या खाली लांब पाकिटं होती. सात-आठ असतील. लेनोर आयुष्यभर पत्रावर आधी शिक्का बघत आली होती, अक्षर नंतर. वरच्या पाकिटावर एल्कफर्डचा शिक्का होता, अठरा डिसेंबरचा. एल्कफर्ड म्हणजे नॉर्बीपासून अठरा मैलांवरचं गाव, आणि त्या डिसेंबरात बर्फानं रस्ता दोनदा बंद झाला होता. मग तिनं अक्षर पाहिलं. हिरवी शाई, गोल गोल अक्षरं, पत्त्यातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी एक छोटं वर्तुळ.

"हे काय आहे?"

"तुझ्या भावजयीची पत्रं," हलिना म्हणाली. मग लेनोरचा चेहरा बघून तिनं पेला खाली ठेवला. "तुला ठाऊक नाही? मला वाटलं तुला ठाऊक असेल. सगळ्यांना पाठवते ती."

लेनोरनं न विचारता वरचं पाकीट उघडलं. अडतीस वर्षांत तिनं दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नव्हतं. तेच पत्र होतं. तेच कुत्र्याचं आजारपण, तीच ब्रेनाच्या पोहण्याची पदकं, लेनोर अजून पोस्टात आहे. खाली हातानं लिहिलेली ओळ. मग तिनं दुसरं उघडलं, मग तिसरं. सगळ्यात जुनं आईच्या वर्षाचं होतं. खाली लिहिलं होतं: तुम्ही मला ओळखत नाही. लेनोरनं तुमचं कार्ड फ्रिजवर लावलंय आणि ईस्टरपर्यंत ती ते काढत नाही. पाठवत राहा.

पुढच्या वर्षी: ती बोलणार नाही, पण तिला विचारायला माणूस नाही. शेजारी एक फोन नंबर.

"तीन-चार वर्षांनी मी फोन केला तिला," हलिना म्हणाली. "सांगितलं, मी विचारलं होतं, ती नाही म्हणाली. तर पुढच्या वर्षी हे आलं."

तिनं स्वतः ते पाकीट काढून दिलं. खालची ओळ तीन ओळींची झाली होती, कडेनं वर चढलेली. आमच्याकडं पहिल्या दोन 'नको'ला अर्थ नसतो. तीनदा विचारावं लागतं. तुम्ही एकदाच विचारलंत. अजून दोनदा विचारा, मी तिच्या पाया पडले तरी ती आपणहून येणार नाही. तिसऱ्याला समोर असा, पत्रात ती निसटते. मी तिला कशीतरी घेऊन येते.

लेनोरनं कागद घडी करून पाकिटात घातला. घडी चुकली, पुन्हा घातली. आठ वर्षं. आपल्या पाठीमागं, आपल्या खिडकीला वळसा घालून, दुसऱ्या गावाच्या पोस्टातून. जिची ती खिल्ली उडवत होती त्या बाईनं तिचं सगळं ओळखून, आखून, लॅमिनेट करून गळ्यात घातलं होतं. दोन ते पाच, मोकळा वेळ. ती आपण होऊन पळून चालली नव्हती. तिला पोचतं केलं जात होतं, पत्ता घातलेल्या पुडक्यासारखं. आणि कशावरून मार्लिसला ती नकोशीच झाली नव्हती? रविवारच्या जेवणाला एक ताट कमी.

हलिनाला यातलं काही कळलं नाही. तिनं लेनोरचं मनगट धरलं.

"मग आता तिसऱ्यांदा विचारते. तोंडावर. खोली बघितलीस. येतेस ना राहायला?"

"नको," लेनोर म्हणाली. "तुला कशाला उगाच त्रास."

ते तोंडातून निघून गेलं. रागानं निघालं की सवयीनं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हलिनानं तिच्या मनगटावरचा हात काढला. त्याच हाताची तीन बोटं तिनं टेबलावर एकेक करून मिटली, अगदी सावकाश, बरोबर मोजलं ना ते बघत.

"बरं," ती म्हणाली. "तीन झाले."

त्यानंतर ती फार नीट वागली. गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, खालच्या बेकरीवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगितलं. खसखशीचा रोल कागदात बांधून दिला. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, कार्ड पाठव. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती का विचारेल? तिला जेवढं शिकवलं होतं तेवढं तिनं केलं होतं.

परतीच्या बसमध्ये लेनोरनं मार्लिससाठी वाक्यं जुळवली. चांगली धारदार. तुला कुणी सांगितलं होतं. माझ्या आयुष्याची वही तुझ्याकडं कधी दिली होती मी. नदीच्या पुलावर बस थांबली, पूल वर गेला, खालून एक बोट गेली आणि बोटीतली झाडून सगळी माणसं पुलाचे फोटो काढत होती. कप्पाळ. लेनोरनं खिडकीतून त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला एकदम दिसलं ते डिसेंबरातलं एल्कफर्डचं वळण. डाव्या हाताला कालवा, कठडा नाही, रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारं काळं बर्फ. आणि चार गल्ल्यांवरच्या चर्चलाही नवऱ्याशिवाय न जाणारी मार्लिस, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ताशी पंधरा मैलांनी, एका पाकिटासाठी. आठ वेळा. तिला नको असलेली माणसं घालवायला कुणी एवढं भीत भीत गाडी चालवत नाही. जुळवलेली वाक्यं तिला मग नीट आठवेनात.

पिझ्झाच्या ठिकाणी ती सहाला वीस मिनिटं कमी असताना पोचली. बाहेर लख्ख उजेड होता आणि आत सगळी बाहेरगावची माणसं, कारण एवढ्या लवकर जेवायला तीच बसतात. पिझ्झा बोटभर उंचीचा, काट्याचमच्यानं खायचा. रोलंड त्याच्याकडं इंजिन उघडल्यासारखा बघत होता. मार्लिसनं लेनोरच्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. सगळ्यांचं खाऊन होत आलं, ताटात एक तुकडा उरला, तेव्हा तिनं वही काढली.

रोलंड म्हणाला, पाळण्यावरून पार्किंग दिसलं. ब्रेना म्हणाली, मम्मीनं टॉवरवर डोळे मिटले ते. मार्लिसनं दोन्ही लिहिलं. मग पेन लेनोरकडं वळवलं.

"आणि तुझं?"

"एल्कफर्डचा शिक्का," लेनोर म्हणाली.

मार्लिसचं पेन कागदावर टेकलं ते टेकलेलंच राहिलं. शाईचा हिरवा ठिपका मोठा होत गेला. ब्रेनानं फोन खाली ठेवला. रोलंड पाण्याच्या ग्लासाकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं की नव्हतं हे त्याच्या तोंडावरून कळणं शक्यच नव्हतं.

"रागावलीस?" मार्लिसनं हळूच विचारलं.

"तिनं विचारलं. तिसऱ्यांदा."

"आणि?"

"नको म्हटलं."

मार्लिसनं वही मिटली. चाळीस-पन्नास माणसं जेवत होती, ताटल्या वाजत होत्या. लेनोरच्या तीस वर्षांच्या ओळखीत मार्लिस कधी कुणाला वावगं बोलली नव्हती; तिच्या पत्रात सुद्धा सगळी माणसं चांगलीच असायची. आता तिनं लेनोरकडं जसं पाहिलं तसं लेनोर आजवर तिच्याकडं बघत आली होती.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "सगळ्या गावाला नावं ठेवत बसलीस आणि सगळ्या गावात तूच एक मूर्ख निघालीस. आठ वर्षं मी त्या रस्त्यावर देवाचं नाव घेत गाडी चालवली. तिला तीनच सांगितले होते मी. आता चौथ्यांदा ती विचारायची नाही."

"माहीत आहे."

"मग कोण विचारणार?"

लेनोरच्या घराण्यात आपणहून कुणी कधी काही मागितलं नव्हतं. आईनं मरताना पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. बघत बसली होती, कुणी विचारतंय का. लेनोरच तिसऱ्यांदा विचारून पाजत होती. ते आठवून तिनं हातरुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा घडी करून ठेवला.

मग तिनं उरलेल्या तुकड्याकडं पाहिलं. कुणी घे म्हटलं नव्हतं. तिनं हात लांब केला, तो तुकडा उचलला, वेटरनं आणून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला आणि झाकण दाबून बसवलं. उठली. कोटाची बटणं घाईनं लावताना एक तसंच राहिलं.

"लेनी, अगं कुठं?" रोलंडनं विचारलं. "सातला बोट आहे."

लेनोर दारापर्यंत पोचली होती. खोकं दोन्ही हातांनी धरून, पाठीनं दार ढकलून ती बाहेर पडली आणि उत्तरेच्या बसथांब्याकडं वळली.

मार्लिसनं गळ्यातलं वेळापत्रक समोर धरलं. हिरवं पेन पुन्हा उचललं आणि प्लॅस्टिकवर शनिवारच्या चौकोनातला पाचाचा आकडा खोडायचा प्रयत्न केला. प्लॅस्टिकवर शाई धरत नव्हती. तरी ती खोडत राहिली.

"तिचा मोकळा वेळ आहे," ती रोलंडला म्हणाली. "तू जेव."